मुलांच्या हातचें शुभेच्छापत्र

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीं नातीस आणावयास म्हणून आम्ही तिच्या शाळेंत गेलों, तेव्हां वर्गाच्या भिंतीवर शुभेच्छापत्रांची एक लांबलचक रांग लावलेली दिसली. प्रत्येक पत्रावर एक पतंग, त्याच्या खालीं हलव्याची वाटी आणि कडेनें फुलांची नक्षी. हा सगळा देखावा काळ्या रेघांनीं आधींच छापलेला होता. मुलांनीं रेघेच्या आंत रंग भरावयाचा आणि बाईंनीं फळ्यावर लिहून दिलेलें वाक्य खालीं उतरून काढावयाचें, एवढेंच काम. आम्हीं सहज विचारलें, "यांतलें तुझें कोणतें ग?" तिनें ती रांग एकदां इकडून तिकडे पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, मागें नांव लिहिलेलें आहे, तें बघावें लागेल."

तिच्या उत्तरांत तक्रार अशी कांहीं नव्हती. अस्वस्थ झालों ते आम्हीच. मुलानें आपल्या हातानें केलेलें पत्र म्हणून जें घरीं येतें, त्यांत हात कितीसा मुलाचा आणि कितीसा वडील माणसांचा, हा प्रश्न डोक्यांत घेऊन आम्ही जुन्या हकीकती चाळूं लागलों. तों असें दिसून आलें कीं, आमच्या नातीच्या वर्गांतली ती भिंत मुळींच नवी नव्हे. इंग्लंडांतील नाताळाच्या सणांत ती दोनशें वर्षांपूर्वीं उभी होती.

नाताळच्या कार्डाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा १८४३ सालापासून आरंभ करतात. मोठ्या माणसांच्या कार्डांपुरतें तें ठीक आहे. परंतु मुलांच्या बाजूनें पाहूं गेल्यास हा आरंभ जवळजवळ एका शतकानें उशिराचा ठरतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिकडील शाळांत 'ख्रिसमस पीस' अथवा 'स्कूल पीस' नांवाचे मोठे कागद प्रचारांत होते. कागदाच्या चारी बाजूंस तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं चित्रें असत. बहुतेक बायबलच्या जुन्या करारांतील प्रसंगांचीं, क्वचित् दुसऱ्या कांहीं विषयांचीं. मधली जागा कोरी. नाताळची सुटी जवळ आली कीं शाळेंतील मुलानें त्या कोऱ्या जागेंत आपल्या उत्तमांतल्या उत्तम अक्षरांत एखादा धर्मवचनाचा उतारा, एखादें पद्य किंवा आईबापांस उद्देशून चार आदराचे शब्द लिहावयाचे आणि तो कागद घरीं नेऊन वडिलांच्या हातीं द्यावयाचा. वर्षभर भरलेल्या फीचें चीज झालें कीं नाहीं, हें त्या अक्षराच्या वळणावरून बापानें ताडावें, असा त्यांतला हेतु. आपल्याकडे पंतोजी कित्ते गिरवून घेत, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच कीं येथें कित्त्यास सणाचा पोषाख चढविलेला होता.

ह्या कागदांच्या व्यापाराविषयीं एक फार बोलकी हकीकत शिल्लक आहे. लंडनच्या एका जुन्या माहितीपर नियतकालिकांत १८७० च्या सुमारास एका गृहस्थानें आपल्या बापाच्या दुकानाची आठवण छापली. त्या दुकानांतून सुमारे तीस निरनिराळ्या विषयांचे कागद निघत. दर वर्षीं एक नवा विषय काढावयाचा आणि जुन्यांतला एक बंद करावयाचा, असा शिरस्ता. प्रत्येक प्रकाराच्या सरासरी पांचशें प्रती छापीत. येशूच्या चरित्राच्या मात्र दुप्पट. हातानें रंग द्यावयाचे असल्यामुळें छपाई ऑगस्टमध्येंच सुरू करावी लागे. किरकोळ विक्रीचा दर सहा पेन्स. व्यापाऱ्यांस एकशें चव्वेचाळीस कागद तीस शिलिंगांस, आणि शाळांस डझनास साडेतीन शिलिंग. आम्हीं आकडेमोड करून पाहिली: म्हणजे व्यापाऱ्यास कागद अडीच पेन्सांस पडे, शाळेस साडेतीन पेन्सांस, आणि दुकानांत जाऊन घेणारास सहा. शाळेस मिळणारी ही सवलत पाहून मनांत जें येतें तें येथें लिहीत नाहीं. शाळा आणि वह्यापुस्तकांचीं दुकानें यांचा ऋणानुबंध वाचकांच्या परिचयाचा आहे.

त्याच आठवणींत आणखी एक वाक्य आहे, तें वाचून आम्ही थबकलों. ह्या कागदांचे मोठे गिऱ्हाईक धर्मार्थ शाळांतील गरीब मुलें असत. तीं आपला लिहिलेला कागद घेऊन नाताळच्या दिवसांत वस्तींतील घरोघर फिरत, तो दाखवीत आणि चार पैसे मागत. श्रीमंताच्या मुलाचा जो कागद बापाच्या दिवाणखान्यांत कौतुकाचा विषय होई, तोच कागद गरिबाच्या पोराच्या हातांत झोळी होऊन बसे. अक्षर मात्र दोघांनाही एकाच वळणाचें काढावें लागे.

रंगांची कथा याहूनही विचार करावयास लावणारी आहे. त्या काळीं लंडनांत निघणाऱ्या मुलांच्या चित्रपुस्तकांस हातानें रंग देण्याचें काम पुष्कळदां मुलांकडूनच करून घेत. मेजाभोंवतीं मुलें बसवावयाचीं. एकानें सर्व कागदांवरील कोटांना तांबडा रंग द्यावयाचा, दुसऱ्यानें गवतास हिरवा, आणि कागद पुढें सरकवावयाचा. तेव्हां एका मुलाच्या करमणुकीचें चित्र दुसऱ्या मुलाच्या मजुरीनें रंगलेलें असे. मुलांच्या हातचें काम म्हणून बोट दाखवावयाचें, तर त्या काळीं तें येथेंच दाखवावें लागेल, आणि येथें तर मुलास एकच रंग नेमून दिलेला.

आतां १८४३ सालाकडे वळूं. तीन वर्षांपूर्वीं इंग्लंडांत एका पेनीच्या टपालाची योजना अमलांत आली होती, आणि ती पार पाडण्यांत ज्यांचा हात होता, त्यांपैकीं हेन्री कोल हे एक. हे गृहस्थ मोठे उद्योगी. फेलिक्स समर्ली ह्या टोपणनांवानें ते मुलांसाठीं पुस्तकेंही काढीत. नाताळांत येणाऱ्या पत्रांस उत्तरें लिहिण्यास सवड नाहीं म्हणून त्यांनीं जॉन कॅलकॉट हॉर्सली नांवाच्या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतलें, तें शिळाछापावर छापून हातानें रंगविलें, आणि उरलेल्या प्रती एका शिलिंगास एक याप्रमाणें विकावयास ठेवल्या. सवड नाहीं म्हणून छापील शुभेच्छा! ह्या प्रकाराचा जन्मच असा आहे. चित्रांत तीन पिढ्यांचें एक कुटुंब मद्याचे पेले उंचावून पाहणाऱ्याचें अभीष्ट चिंतीत आहे, आणि एका चिमुकल्या मुलीच्या ओठांस कोणी पेला लावीत आहे. दारूबंदीवाल्यांनीं त्यावर बरीच आरडाओरड केली. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीकडे. पूर्वींच्या कागदांत मूल निदान लेखणी धरून बसलेलें होतें. ह्या कार्डांत तें चित्रांत गेलें आणि लेखणी त्याच्या हातून सुटली. पुढील चाळीस वर्षांत लक्षावधि कार्डें निघालीं. त्यांवर गुबगुबीत गालांचीं, बर्फांत खेळणारीं मुलें जागोजाग दिसतात. तीं कार्डें मुलांनीं केलेलीं नव्हतीं. आणि जो दुकानदाराचा मुलगा वर सांगितलेली आठवण लिहितो, तोच शेवटीं सांगतो कीं, आमच्या दुकानांतून ते कोऱ्या मध्याचे कागद निघावयाचे बंद होऊन आतां पंधरा वर्षें होऊन गेलीं.

मुलाच्या हातास पुन्हां काम देण्याचें श्रेय जर्मनीकडे जातें. फ्रीडरिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनीं १८३७ सालीं थुरिंगियांतील ब्लांकेनबुर्ग ह्या लहानशा गांवीं बालकांसाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. त्यांच्या पद्धतींतील चेंडू, ठोकळे इत्यादि 'भेटी' सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीला त्यांनीं कांहीं 'उद्योग' सांगितले: कागदाच्या घड्या घालणें, कागद कातरणें, रंगीत पट्ट्या एकमेकींत विणणें, टोंचणीनें कागदावर भोंकें पाडून आकृति उठविणें, आणि त्या भोंकांतून रंगीत धागा ओवणें. नाताळ जवळ आला म्हणजे बालोद्यानांतून हे सगळे उद्योग एका दिशेला वळत; मुलें आईबापांस द्यावयाच्या वस्तु करूं लागत. फ्रबेल यांच्या मतें घेणें हें मुलास आपोआप येतें, देणें मात्र हातानें कांहीं केल्याशिवाय समजत नाहीं. चार वर्षांच्या मुलाजवळ पैसा नसतो, भाषा अपुरी असते. त्याच्यापाशीं वेळ आणि बोटें हीं मात्र असतात, आणि त्या दोहोंचीच भेट तें देऊं शकतें. आम्हांस ही कल्पना सगळ्या शिक्षणशास्त्रांतील अत्यंत कोमल कल्पनांपैकीं एक वाटते. प्रशियाच्या सरकारास मात्र ती इतकी भयंकर वाटली, कीं १८५१ सालीं त्यानें बालोद्यानांवर बंदी घातली! फ्रबेल यांचें नांव त्यांच्या पुतण्याच्या नांवाशीं गोंधळून नास्तिकपणा आणि समाजवाद यांचा वास सरकारास आला, असें म्हणतात. बंदी उठली १८६० सालीं. तोंवर फ्रबेल वारले होते आणि त्यांची पद्धति समुद्रापलीकडे जाऊन पोंचली होती.

कल्पना कोमल खरी. पण तिच्या पोटांतच एक खोड होती. टोंचावयाचा कागद चौकडीचा. प्रत्येक भोंक कोठें पाडावयाचें तें ठरलेलें. चौकोनांतून चांदणी, चांदणींतून फूल, हा क्रम आधींच आंखलेला. अमेरिकेंत ही पद्धति गेल्यावर मॅसॅच्युसेट्समधील मिल्टन ब्रॅडली यांनीं १८६९ पासून हें सामान कारखान्यांत तयार करावयास आरंभ केला, आणि मग भोंकें पाडावयाचीं चित्रेंही छापून मिळूं लागलीं. ह्या सुमारासच बॉस्टन शहरीं लुई प्रांग हे जर्मनीहून आलेले शिळाछापाचे कसबी मुद्रक अमेरिकेंतील पहिलीं मोठ्या प्रमाणावरचीं नाताळकार्डें काढीत होते. १८८० सालीं त्यांनीं कार्डाच्या चित्रासाठीं चढाओढ लावून पहिलें बक्षीस एक हजार डॉलरचें ठेवलें. त्याच प्रांग यांची मंडळी शाळांसाठीं चित्रकलेचे कित्ते आणि रंगही पुरवी. म्हणजे एकाच छापखान्यांतून मोठ्यांसाठीं तयार कार्डें आणि मुलांसाठीं तयार कित्ते बाहेर पडत. ह्यांत कोणाची लबाडी होती असें नव्हे. प्रांग हे कलाशिक्षणाचे मनापासून कैवारी होते. परंतु छापखान्याचा धर्मच असा आहे, कीं एकाचीं हजार करावयाचीं.

एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास स्टॅन्ली हॉल यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ ह्या टोंचण्या-ओवण्यावर तुटून पडले. लहान मुलाचे मोठे स्नायु आधीं वाढतात, बोटांचे बारीक स्नायु मागाहून. तेव्हां चार वर्षांच्या पोरास बारीक भोंकांत सुई घालावयास लावणें म्हणजे डोळे आणि मज्जा यांचा छळ, असें त्यांचें म्हणणें. तें खरेंच होतें. तरी ज्या आजीनें नातवाचा वेडावांकडा ओवलेला ताऱ्याचा कागद जपून ठेवला असेल, तिला कोणीं विचारलें नाहीं.

मुलाच्या हातास खरी मोकळीक मिळाली ती व्हिएन्नांत, आणि ती देणारे फ्रान्त्स चिझेक हे शिक्षणशास्त्री नव्हते, चित्रकार होते. त्यांचा जन्म १८६५ सालीं बोहेमियांतील लाइटमेरित्स गांवीं झाला. तरुणपणीं कलाशाळेंत शिकावयास ते व्हिएन्नास आले आणि एका सुताराच्या घरीं बिऱ्हाडानें राहिले. घरासमोर लांकडी कुंपण होतें. शेजारचीं पोरें त्या फळ्यांवर चित्रें काढीत, जागेसाठीं भांडत, पुसून पुन्हां काढीत. चिझेक हें खिडकींतून पाहात राहिले, आणि त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कोणी न शिकवितां हीं मुलें कांहीं ठराविक नियमांनीं चित्रें काढतात, आणि ते नियम मोठ्या माणसांच्या नियमांहून निराळे आहेत. १८९७ सालीं त्यांनीं मुलांचा वर्ग उघडला. तेथें कित्ता नाहीं, नक्कल नाहीं. रंगीत कागद, कातर, खडू, लांकडाचे व लिनोलियमचे ठसे, सुई-दोरा, जें ज्यास रुचेल तें. विषय पुष्कळदां सणांचे: नाताळचा झाड-बाजार, बर्फांतील मिरवणूक, येशूजन्माचा देखावा.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां व्हिएन्ना उपाशी होती. परदेशांतून आलेल्या मंडळींनीं मुलांसाठीं अन्नछत्रें काढलीं होतीं. त्यांपैकीं फ्रान्सेस्का विल्सन ह्या इंग्लिश बाईंनीं चिझेक यांचा वर्ग पाहिला आणि तीं चित्रें उचलून इंग्लंडास नेलीं. १९२० सालापासून त्यांचीं प्रदर्शनें तेथील शहरोशहरीं भरलीं, चित्रांच्या छापील प्रती विकल्या गेल्या, आणि पैसा मुलांच्या मदतीस लागला. नाताळच्या चित्रांचें तर एक स्वतंत्र पुस्तकच १९२२ सालीं लंडनास निघालें. त्याला प्रस्तावना एडमंड दुलाक ह्या नामांकित चित्रकारांची. धर्मार्थ शाळेंतील पोर आपला कागद घेऊन दारोदार फिरे, त्यानंतर मुलांच्या सणाच्या कागदानें पैसा मिळविल्याचें हें मोठें उदाहरण. ह्या वेळीं मात्र कागदावर जें होतें तें मुलांचें होतें.

होतें का? टीकाकारांनीं पुढें लौकरच दाखवून दिलें कीं, चिझेक यांच्या मुलांचीं चित्रें एकमेकांसारखीं दिसतात. तेच गोल गाल, तींच नक्षीदार फुलें, कागद कांठोकांठ भरण्याची तीच हौस. गुरु तोंडानें कांहीं सांगत नसला, तरी कोणतें चित्र भिंतीवर लावावयाचें हें तोच ठरवितो, आणि मुलें गुरूच्या शब्दापेक्षां त्याच्या नजरेचें अधिक ऐकतात. दुसऱ्या बाजूनें मॅडम माँटेसोरी यांनीं तर मोकळ्या चित्रांविषयीं उघड नापसंति दाखविली. आधीं हात तयार करा, डोळा तयार करा, चित्र आपोआप येईल, असा त्यांचा आग्रह. हा वाद आम्हांस अजून सुटलेला दिसत नाहीं. आमचा स्वतःचा कल चिझेक यांच्याकडे आहे; पण ज्या मुलाच्या हातीं कातरच नीट धरतां येत नाहीं, त्यास 'तुला हवें तें कर' असें सांगणें हीही एक प्रकारची टाळाटाळ होय, हें कबूल केलें पाहिजे.

आपल्याकडे हा विचार माँटेसोरींच्या वाटेनें आला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ सालीं ताराबाई त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथें मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें परदेशी महाग साधनें परवडण्याजोगीं नव्हतीं. म्हणून पानें, बिया, शिंपले, खडे, माती हेंच सामान झालें. छापील रेघ विकत घ्यावयास पैसा नसला म्हणजे ती आपोआप टळते, हा गरिबीचा एक फायदा त्या बालवाड्यांनीं करून घेतला. सणाचें पत्र हा प्रकारही आपल्यास परका नाहीं. संक्रांतीस पाकिटांत चार दाणे हलव्याचे घालून दूरच्या नातेवाईकांस पाठविण्याची चाल मराठी घरांत कित्येक वर्षें चालत आलेली आहे, आणि त्या पाकिटांतील चिटोऱ्यावर घरांतल्या सर्वांत लहान हातानें कांहींतरी काढलेलें असावयाचें, हेंही ओघानेंच आलें.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. १९४६ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांनीं युद्धांत पोळलेल्या मुलांसाठीं जो निधि काढला, तोच पुढें युनिसेफ म्हणून प्रसिद्धीस आला. त्याची मदत चेकोस्लोव्हाकियांतील एका लहान गांवांत पोंचली, तेव्हां यित्का साम्कोव्हा नांवाच्या सात वर्षांच्या मुलीनें आभार म्हणून एक चित्र काढलें. कागद मिळत नव्हता, म्हणून तें तिनें कांचेच्या तुकड्यावर रंगविलें. उंच खांबाभोंवतीं मुली फेर धरून नाचत आहेत आणि वर सूर्य आहे, एवढेंच चित्र. १९४९ सालीं युनिसेफनें आपलें पहिलें शुभेच्छाकार्ड म्हणून तेंच छापलें. पुढें त्या निधीच्या कार्डांसाठीं जगांतील मोठमोठ्या चित्रकारांनीं आपलीं चित्रें दिलीं, आणि तो व्यवहार फार वाढला. पण नाताळच्या दिवसांत लोकांनीं एकमेकांस पाठविलेल्या त्या पहिल्या कार्डावर ना बर्फ होता, ना झाड, ना येशूचा गोठा. होता तो वसंतांतला खेळ. नाताळास काय शोभतें, हें त्या मुलीस कोणीं सांगितलेंच नव्हतें.

हें सर्व वाचून झाल्यावर एका रविवारीं आम्हीं नातीपुढें कोरा कागद ठेवला आणि नागपूरच्या मावशीस संक्रांतीचें पत्र करावयास सांगितलें. सण होऊन आठवडा झाला होता. तिला त्याचें कांहीं वाटलें नाहीं, आणि रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, असें आजीनेंही सांगितलें. अर्धा तास ती मान खालीं घालून बसली. कागद पुरा झाला तेव्हां त्यावर एक नारिंगी रंगाचें मोठें कांहींतरी होतें, तीन पक्षी होते, आणि खालीं लिहिलें होतें, 'तिळगूळ ध्या'. ध आणि घ यांचा घोंटाळा. आमचा हात सवयीनें पेन्सिलीकडे गेला. आजीनें पाकीट मध्येंच पुढें केलें, आंत हलव्याचे चार दाणे टाकले, आणि तिघांनीं जाऊन तें पेटींत टाकलें.

पांच दिवसांनीं मावशीचा फोन आला. हलव्याचा टपालांत अगदीं भुगा झाला होता. पत्र पोंचलें, फार आवडलें, आणि तो सूर्य किती छान काढला आहे, असें ती म्हणाली. नातीनें फोन आमच्या हातून घेतला. "मावशी," ती म्हणाली, "सूर्य नाहीं कांहीं, ती आजीची तिळाची वडी आहे."